हातचलाखी शिकायचीय? आधी एक दहाचं नाणं खिशात टाका

मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की तू ते पत्त्यांचं, नाण्याचं वगैरे करतोस ना, मला पण शिकायचंय, कुठून सुरुवात करू, कुठला सेट मागवू. सोसायटीत विचारतात, ऑफिसात विचारतात, एकदा लोकलमध्ये शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मी राहतो ठाण्यात, नोकरी वाशीला, धंदेवाईक जादूगार नाहीये, पैसे घेऊन शो करत नाही, आठ-नऊ वर्षं छंद म्हणून करतोय पण अगदी मनापासून करतोय, तर हे सगळं माझ्यासारख्या छंदवाल्यांसाठी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षात चारच जादू शिका आणि त्या शंभर माणसांना दाखवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मोबाइलवर रोज नवीन व्हिडिओ येतो, बघता बघता शंभर जादू बघून होतात, त्यातल्या पन्नासांचं रहस्य कळतं, आणि घरी पाहुणे आले की "अरे दाखव ना काहीतरी" म्हटल्यावर एकही धड जमत नाही. रहस्य कळलं म्हणजे जादू आली असं नसतं हो. रहस्य बहुतेक वेळा एका वाक्यात मावतं आणि इतकं साधं असतं की कळल्यावर मन खट्टू होतं, "हे एवढंच?" असं वाटतं. पण तेच एवढंच नीट केलं की समोरचा माणूस क्षणभर श्वास घ्यायचा विसरतो, आणि ते नीट करणं आरशासमोर अर्धंच येतं, उरलेलं अर्धं माणसांसमोरच येतं.

सामान काय लागतं

पत्त्यांचे दोन कॅट, दहाची चार नाणी, रबरबँड आणि एक वही. झालं. ते मोठ्या खोक्यातले पन्नास जादूंचे सेट असतात ना, प्लास्टिकची कांडी, तळ खोटा असलेली डबी, असलं सगळं, ते सुरुवातीला अजिबात घेऊ नका, कारण विचित्र दिसणारी डबी काढलीत की लोक तुमच्याकडे बघायचं सोडून डबीकडे बघतात आणि पहिलं वाक्य येतं "दाखव ती इकडे". घरातल्याच वस्तू वापरल्या की हा प्रश्नच येत नाही. आणि समोरच्याच्या खिशातलं नाणं मागून घेतलंत तर अजून बरं.

पत्त्यांबद्दल मात्र थोडं लक्ष द्या. आपल्याकडे झब्बू-मेंढीकोट खेळायला जे प्लास्टिकचे पत्ते असतात ते धुता येतात, टिकतात, पण हातात घरंगळतात, पंखा सारखा उघडत नाही, मध्येच दहा पत्त्यांचा गठ्ठा निसटतो. जादू करणारे जगभर सगळ्यात जास्त बायसिकल कंपनीचे कागदी पत्ते वापरतात, ते मागे सायकलवर बसलेल्या छोट्या देवदूताचं चित्र असलेले, ते डिझाइन 1887 पासून चालू आहे. त्या पत्त्यांच्या पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे असतात, त्यात हवा राहते म्हणून पत्ते एकमेकांवरून लोण्यासारखे सरकतात. आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतात. साइज दोन असतात, पोकर साइज साधारण 63 मिलिमीटर रुंद आणि ब्रिज साइज 57, उंची दोन्हींची सारखीच. हात लहान असेल, किंवा दहा-बारा वर्षांचं मूल शिकणार असेल, तर खुशाल ब्रिज साइज घ्या.

आणि आपल्या भागाची एक खास अडचण म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि खाडीच्या पलीकडे नवी मुंबईत तर हवाच ओली असते, कागदी पत्ते दमट होऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात. बुटांच्या खोक्यात ती सिलिका जेलची पुडी येते ना, ती फेकू नका, एका घट्ट झाकणाच्या डब्यात पत्ते आणि त्या दोन पुड्या टाकून ठेवा. खोबरेल लावलेल्या किंवा वडापाव खाल्लेल्या हातांनी पत्ते धरायचे नाहीत, घरच्यांनाही हे प्रेमाने सांगून ठेवा.

नाण्याचं असं आहे की बऱ्याचशा व्हिडिओंमध्ये अमेरिकन हाफ डॉलर असतो, 30.6 मिलिमीटरचा, भलामोठा. लोक तो बघतात, खिशातलं एकचं नाणं घेऊन तसंच करायला जातात, ते बोटांच्या फटीतून खाली पडतं आणि त्यांना वाटतं आपला हातच जड आहे. हात ठीक असतो, नाणं लहान असतं. आपलं दहाचं नाणं 27 मिलिमीटर आहे, त्यातल्या त्यात तेच जवळचं. वीसचंही 27 चंच आहे पण ते बारा कोनांचं, कडा बोटाला लागतात. शिवाय दहाचं दोन रंगांचं असल्यामुळे लांबून पटकन दिसतं, आणि गायब होणारी वस्तू आधी नीट दिसली तरच ती गायब झाल्याचं काही वाटतं.

पहिली जादू: उडी मारणारा रबरबँड

ही मुद्दाम पहिली, कारण ही अर्ध्या तासात येते आणि आज शिकून आजच कोणालातरी दाखवता येते. डावा हात समोर धरा, हाताची पाठ लोकांकडे, तळवा तुमच्याकडे. रबरबँड तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी अडकवा. लोकांना दाखवा, हवं तर त्यांनाच ओढून बघू द्या. आता उजव्या हाताने रबर तुमच्या बाजूला, म्हणजे तळव्याच्या बाजूला ताणा आणि त्याच वेळी डाव्या हाताची मूठ अशी मिटा की चारही बोटांची टोकं त्या ताणलेल्या रबराच्या आत जातील, मग रबर सोडून द्या. लोकांच्या बाजूने बघाल तर रबर अजून त्याच दोन बोटांवर आहे. आता झटकन बोटं सरळ करा. रबर टुणकन उडी मारून करंगळी आणि अनामिकेवर जातं. ते आपोआप जातं, तुम्हाला काही करायचं नाहीये.

आता इथे थोडं थांबा, कारण इथेच पहिला धडा आहे. नवीन माणूस रबर ताणताना स्वतः खाली मुठीकडे बघतो, कपाळाला आठ्या घालून, आणि लोकही तिथेच बघतात. त्याऐवजी ताणताना समोरच्याच्या डोळ्यात बघून काहीतरी विचारा, साधंच, "पहिल्या बोटावर आहे का दुसऱ्या?" तो उत्तर द्यायला तुमच्याकडे बघतो आणि तेवढ्यात काम झालेलं असतं. लोक तुम्ही जिथे बघता तिथे बघतात, तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत तर ते तुमच्याकडे बघतात. पुढच्या सगळ्या जादूंमध्ये हेच कामाला येतं.

रबर जरा जाड आणि रंगीत घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात पाकिटंच्या पाकिटं मिळतात. दुधाच्या पिशवीला, भाजीच्या जुडीला येतं ते बारीक रबर नको, ते तुटतं आणि लागतं.

नाणं, आणि लोकलमधला रियाज

नाणं गायब करणं ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून इथे जरा जास्त लिहितो. हिला वेळ लागतो. मला पहिल्यांदा कोणासमोर करायची हिंमत व्हायला तीन महिने लागले, आणि ते तीन महिने मला आजही गोड वाटतात.

नाणं डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि मधल्या बोटाच्या टोकांमध्ये धरा, आडवं, तळवा वरच्या बाजूला. उजवा हात ते घ्यायला येतो, उजवा अंगठा नाण्याच्या खालून जातो, बाकीची बोटं वरून समोर येतात आणि नाणं झाकलं जातं. त्या क्षणी डावा अंगठा हलकेच सैल होतो, नाणं डाव्याच हातात बोटांच्या मुळाशी पडतं, आणि उजवा हात नाणं घेतल्यासारखी मूठ करून दूर जातो. उजवी मूठ उघडली की रिकामी. फ्रेंच ड्रॉप म्हणतात याला, फार जुनी युक्ती आहे.

आता हे कसं शिकायचं ते सांगतो. पहिले दोन दिवस युक्ती करूच नका. खरोखर नाणं घ्या. डाव्या हातातून उजव्या हातात खरंच घ्या, पन्नास वेळा, शंभर वेळा, आणि मोबाइल समोर उभा करून व्हिडिओ काढा. बघा की खरं नाणं घेतल्यावर तुमची मूठ किती घट्ट असते, मनगट कसं वळतं, डोळे कुठे जातात, डावा हात नंतर काय करतो. तो नुसता खाली लोंबतो, त्याच्यात काही नाहीये ना! मग खोटं घ्या आणि दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. नव्वद टक्के चूक डाव्या हातात सापडेल. नाणं लपवलेला हात माणूस नकळत आवळून धरतो, बोटं काठीसारखी ताठ होतात, अंगठा वर येतो. तो हात सैल राहायला हवा, आणि सैल ठेवायचा एकच उपाय म्हणजे हातात नाणं आहे याची हाताला सवय होणं.

त्यासाठीच लोकल. ठाणे ते वाशी ट्रान्सहार्बरने जवळपास अर्धा तास लागतो. मी चढताना दहाचं नाणं डाव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका बोटांच्या मुळाशी ठेवतो, बोटं किंचित वाकवली की ते तिथे आपोआप धरलं जातं, आणि वाशीपर्यंत काढत नाही. त्याच हाताने मोबाइल बघायचा, त्याच हाताने वरची कडी धरायची, पास काढायचा, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचं. सुरुवातीला ऐरोली यायच्या आत नाणं दोनदा खाली पडायचं आणि शेजारचा माणूस उचलून द्यायचा. महिन्याभरात रबाळे, मग कोपरखैरणे. ज्या दिवशी वाशीला उतरून ऑफिसच्या लिफ्टचं बटण दाबल्यावर मला आठवलं की अरे हातात नाणं आहे, त्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा बायकोला ती जादू दाखवली. ती म्हणाली, "थांब, परत कर." परत नाही केली.

का नाही केली ते महत्त्वाचं आहे, सांगतो. दुसऱ्यांदा बघताना माणसाला शेवट माहीत असतो, मग तो हातातल्या त्या एका क्षणाचीच वाट बघत बसतो. हुडिनी म्हणजे केवढा मोठा जादूगार, तो सांगायचा की कुठलीही जादू तीन वेळा बघितली की मी ओळखेन. डाय व्हर्नन नावाच्या जादूगाराने त्याला एक पत्त्याची जादू पुन्हा पुन्हा दाखवली, निवडलेला पत्ता मध्ये घातला की वर येतो ती, आणि हुडिनीला ओळखता आली नाही. पण तो व्हर्नन होता, हाताखाली एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या पद्धती असलेला माणूस. आपल्याकडे एकच पद्धत असते. म्हणून "परत कर" म्हटलं की हसून दुसरी जादू काढायची, आणि त्याच कारणासाठी पुढे काय होणार आहे हे आधी कधी सांगायचं नाही. "आता हे नाणं गायब करतो बघा" म्हटलंत की संपलं.

तिसरी जादू: पत्ता ओळखणं

21 पत्त्यांची जादू घराघरात कोणाला ना कोणाला येते, सात-सातच्या तीन ओळी, तीन वेळा मांडायच्या, निवडलेली ओळ दरवेळी मध्ये ठेवायची, पत्ता अकरावा निघतो. गणित पक्कं आहे, कधी चुकत नाही. पण बघणाऱ्याला 63 वेळा पत्ता ठेवलेला बघावा लागतो आणि तोपर्यंत त्याचा चहा गार होतो. त्यापेक्षा ही शिका, हिला इंग्रजीत की कार्ड म्हणतात, मी खुणेचा पत्ता म्हणतो.

समोरच्याला पत्ते पिसायला द्या, हवे तितके पिसू द्या. परत घेताना गठ्ठा सारखा करता करता तळाचा पत्ता नजरेने टिपा. समजा चौकटची नव्वी. बस, तेवढीच चोरी आहे, पुढे सगळं उघड्यावर. पत्ते पालथे पसरून एक काढायला सांगा, बघून लक्षात ठेवायला सांगा. गठ्ठा टेबलावर ठेवा आणि त्यालाच सांगा की साधारण अर्धे पत्ते उचलून बाजूला ठेव. त्याचा पत्ता तो बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यावर ठेवतो, आणि उरलेला खालचा अर्धा गठ्ठा त्याच्यावर. आता चौकटची नव्वी बरोबर त्याच्या पत्त्याच्या वर येऊन बसली. त्याला गठ्ठा एकदा दोनदा काटू द्या, काटल्याने क्रम बिघडत नाही, फक्त सुरुवात बदलते. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं काटलं म्हणजे सगळं मिसळलं. पिसू मात्र द्यायचं नाही आता.

मग वरून एकेक पत्ता उलटा करत टेबलावर ओळीत ठेवत जा, थोडे एकमेकांवर चढवून. चौकटची नव्वी आली की तिच्या पुढचा पत्ता त्याचा. कधी तरी नव्वी सगळ्यात शेवटी निघते, तेव्हा त्याचा पत्ता सगळ्यात पहिला होता, म्हणून पहिला पत्ता नेहमी लक्षात ठेवा.

आणि आता खरी गंमत. त्याचा पत्ता आला की थांबू नका. समजा इस्पिकची राणी आली, तुम्ही चेहऱ्यावर काहीही न दाखवता अजून चार-पाच पत्ते ठेवत पुढे जा. त्याने राणी गेलेली बघितलीये, तो मनात म्हणतोय फसला हा. मग थांबा, हातातल्या गठ्ठ्याच्या वरच्या पत्त्यावर बोट ठेवा, आणि सांगा, "आता मी जो पत्ता उलटा करीन तो तुझा." तो म्हणतो शक्यच नाही, लाव पैज. तुम्ही गठ्ठा सोडता, हात टेबलाकडे जातो, आणि ओळीतली इस्पिकची राणी उचलून पालथी करून ठेवता. पैज पैशांची लावू नका, कटिंग चहाची लावा. माझ्या एका मित्राने ही जादू तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून बघितली होती, आज सात वर्षं झाली, भेटला की अजून "ती राणी" एवढंच म्हणतो.

चौथी: 1089

ही पत्त्याशिवाय, नाण्याशिवाय, फोनवरसुद्धा होते. समोरच्याला तीन आकडी संख्या लिहायला सांगा, पहिला आणि शेवटचा आकडा यांत निदान दोनचा फरक हवा. ती उलटी लिहायची, मोठीतून लहान वजा करायची. आलेलं उत्तर पुन्हा उलटं लिहायचं आणि दोन्हींची बेरीज. 852 मधून 258 गेले 594, त्यात 495 मिळवले की 1089. काहीही धरा, 1089च येतं. तुम्ही आधीच घरातलं एखादं जाडजूड पुस्तक घेऊन 108 नंबरच्या पानावरचा नववा शब्द बघून ठेवायचा, कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा, आणि पाकीट सुरुवातीलाच आजीच्या हातात द्यायचं. उत्तर आल्यावर "पहिले तीन आकडे म्हणजे पान, शेवटचा आकडा म्हणजे कितवा शब्द" म्हणायचं. मग पुस्तक त्यांनीच उघडायचं, पाकीट आजीने.

या जादूशी माझी एक आठवण जोडलेली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला हा लेख पूर्ण वाटणार नाही. कोजागिरीला आमच्या गच्चीवर मी हे केलं, थोडं गंभीर आवाजात, डोळे मिटून, "तुमच्या मनातला शब्द मला दिसतोय" वगैरे. टाळ्या पडल्या. दूध वाटप चालू असताना आमच्या विंगमधल्या एक काकू बाजूला आल्या, हळूच म्हणाल्या, "तुला असं दिसतं तर माझ्या मुलाचं नोकरीचं काय होईल, सांगशील का रे?" त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या खरंच विचारत होत्या. मी त्यांना कठड्यापाशी नेलं, मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि म्हटलं, काकू, कुठलाही आकडा टाका. तीन वेळा करून दाखवलं, तिन्ही वेळा 1089. "म्हणजे नुसतं गणित आहे होय," म्हणाल्या, आणि थोड्या हसल्या पण.

जादू करणाऱ्यांचा नियम आहे की रहस्य सांगायचं नाही, आणि मी तो पाळतो, जे शिकायला बसतात त्यांनाच सांगतो. पण त्या दिवशी मोडला आणि परत वेळ आली तर परत मोडीन. आपण महाराष्ट्रात राहतो. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, त्यांचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बाबा-बुवांचे चमत्कार स्वतः करून दाखवायचे आणि लगेच त्यामागची युक्ती सांगायचे, आजही करतात. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यामुळे आपल्याकडे जादू दाखवणाऱ्यावर एक जबाबदारी येतेच. तेव्हापासून मी सुरुवातीलाच सांगतो की ही हातचलाखी आहे, सरावाने येते, माझ्यात कसलीही शक्ती नाही. त्याने मजा एका पैशाने कमी होत नाही, स्वतः करून बघा.

माणसांसमोर

पहिली दहा माणसं घरची नकोत असं माझं मत आहे. घरचे लाडाने कौतुक तरी करतात किंवा हात धरून ठेवतात, दोन्हीचा उपयोग नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दोघा-तिघांना दाखवा, कॉलेजच्या कट्ट्यावर दाखवा. दोन-तीन जणच बरे. पहिल्यांदा हात थरथरतील, सगळ्यांचेच थरथरतात, रबरबँडने सुरुवात केलीत तर थरथर दिसत नाही. नाणं तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत काढूच नका.

कोण कुठे बसलंय हे करायच्या आधी बघा. एका गणपतीत सोसायटीच्या मंडपात मला दहा मिनिटं दिली होती, आरतीनंतर. मी समोरच्या खुर्च्यांचाच विचार केला होता, पण लहान मुलं पुढे सतरंजीवर बसली आणि हळूहळू सरकत सरकत माझ्या दोन्ही बाजूंना आणि अगदी मागेपर्यंत आली. नाणं उजव्या हातात घेतल्यासारखं केलं आणि मागून एक चिमुरडी स्पष्ट आवाजात म्हणाली, "काका, ते तुमच्या त्या हातात आहे." बरोबर होती ती, तिला तिथून दिसतच होतं. मी तिला पुढे बोलावलं, नाणं तिच्या हातात दिलं, आणि पुढचा सगळा वेळ तिला मदतनीस केलं. तेव्हापासून मी पाठ भिंतीला किंवा पडद्याला लावूनच उभा राहतो, आणि मुलं असतील तर सतरंजी स्वतः अंथरतो, म्हणजे ती कुठे बसणार हे मी ठरवतो. सगळीकडून बघणारे असतील तर खुणेचा पत्ता आणि 1089, या दोन्हींत मागून बघूनही काही कळत नाही, फक्त तळाचा पत्ता टिपताना तेवढं सांभाळा.

कोणाचा अपमान होईल असं काही नको. मदतीला बोलावलेल्या माणसाला टाळ्या मिळाल्या पाहिजेत, त्याची फजिती करून हशा मिळवायचा नाही. एखादा सारखा "मला माहितीये, मला माहितीये" करत असेल तर त्याच्याकडेच पत्ते पिसायला द्या, त्याला महत्त्व हवं असतं, ते मिळालं की शांत होतो. आग, ब्लेड, पक्षी, ससे यातलं काहीही छंदवाल्याने करू नये, याच्यावर माझ्याशी वाद घालू नका.

दहा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला तर क्रम असा ठेवा: रबरबँड पहिला, कारण झटपट होतो आणि लोक गोळा होतात. मग 1089 चं पाकीट कोणाच्या तरी हातात देऊन ठेवा पण उघडू नका. मग नाणं. मग पत्ता. शेवटी पाकीट. त्या पाकिटामुळे लोक उठून जात नाहीत. आणि घरी घड्याळ लावून करून बघा, कारण वेळ चुकला की काय होतं त्याचं मोठं उदाहरण जादूगार पी. सी. सरकारांचं आहे. 1956 मध्ये लंडनला बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला करवतीने कापण्याची जादू केली, ती मुलगी उठायच्या आधीच कार्यक्रमाची वेळ संपली आणि निवेदकाने समारोप केला. ती खरंच मेली असं वाटून लोकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाइन जाम झाल्या. सरकारांना त्याने जगभर प्रसिद्धी मिळाली ती गोष्ट वेगळी, आपल्याला मात्र शेवट हातात ठेवूनच थांबायचंय.

जमेल तेव्हा मोठ्यांचे शो जाऊन बघा. पुण्याचे जादूगार रघुवीर यांचं नाव आमच्या आई-वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होतं, पुढे मुलगा विजय आणि आता नातू जितेंद्र रघुवीर, अशी तिसरी पिढी प्रयोग करते आहे. गडकरी रंगायतन, घाणेकर, वाशीचं भावे नाट्यगृह, जिथे जादूचा प्रयोग लागेल तिथे जा आणि मधल्या रांगेत बसा. युक्ती शोधत बसू नका. ते बोलतात कसे, थांबतात कुठे, टाळी घेतात कशी ते बघा. आणि एकदा तरी स्टेजकडे पाठ करून लोकांचे चेहरे बघा, शेजारचे थोडे वैतागतील, पण जादू नेमकी कुठे होते ते तिथे दिसतं.

आता ती वही. दाखवून झालं की त्याच रात्री चार ओळी लिहायच्या, झोपायच्या आधी, सकाळी विसरायला होतं. कुठे, किती माणसं, काय दाखवलं, कोण काय म्हणालं, कुठे हात अडकला. शंभर माणसं मोजायची ती या वहीतच. माझ्या वहीतलं एक पान इथे जसंच्या तसं देतो, म्हणजे कल्पना येईल:

"शनिवार, उपवन तलाव, मित्राचे आई-बाबा आणि भाची, एकूण पाच. रबर: पिवळा घेतला होता, संध्याकाळी उजेड कमी, दिसला नाही, पुढच्या वेळी लाल. नाणं: चांगलं झालं, डावा हात गाडीच्या किल्लीकडे नेला तेव्हा कोणी बघितलं नाही, हे नेहमी करायचं. पत्ता: वाऱ्याने दोन पत्ते उडाले, बाहेर असताना पत्ते काढायचे नाहीत. मित्राच्या बाबांनी जाताना नाणं परत मागितलं, उलटंपालटं करून बघितलं आणि वेगळ्या खिशात ठेवलं. आत्तापर्यंत 63."